कुठे म्हणून विचारायचं नसतं

अण्णा निघाले तेव्हा आईने त्यांच्या तळहातावर दहीसाखर घातली. त्यांनी ती खाल्ली, देवाला नमस्कार केला, टोपी चढवली. दारात मिलिटरीचा ट्रक घरघरत उभा होता. ते उंबऱ्याशी पोचले आणि माझी धाकटी बहीण वसू मोठ्यांदा म्हणाली, "अण्णा, कुठे चाललात?"

सगळे जागच्या जागी थिजले. खडकीच्या त्या क्वार्टरमध्ये आम्हाला बोलता यायला लागल्यापासून शिकवलं होतं, की बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की काम होत नाही. अगदीच राहवलं नाही, तर "लांब का?" एवढं विचारायचं आणि समोरच्याने मान हलवली की गप्प बसायचं. आणि कोणी चुकून विचारलंच, तर निघालेल्याने परत आत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा नव्याने निघायचं. आईने वसूच्या पाठीत एक धपाटा घातला आणि अण्णांकडे नुसतं बघितलं. अण्णा तेव्हा मेजर होते, शंभर जवानांना हुकूम सोडणारे. ते निमूट माघारी आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, रडणाऱ्या वसूला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "लांब नाही गं. इथंच."

मग गेले ते थेट व्हिएतनामात, सायगॉनला. शेजारच्या काकूंना बरेच दिवस ते साताऱ्याकडचं सायगाव वाटत होतं, आणि सुट्टीला दर महिन्याला कसे येत नाहीत याचं त्यांना नवल वाटे.

वसू, तुला यातलं काही आठवत नाही, तू चार वर्षांची होतीस. पण हे मी तुझ्यासाठी लिहिते आहे, तिकडे राहिलेल्या सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या इथे इंग्लंडला येऊन मुलं वाढवलेल्यांसाठीही. कारण केतकी गेली. माझी एकुलती एक लेक, ब्रिटिश आर्मीत डॉक्टर असलेली. कुठे गेली ते मला माहीत नाही.

अण्णांचं तिकडे काय काम होतं, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. व्हिएतनामचे दोन तुकडे झालेले. उत्तरेत कम्युनिस्ट, दक्षिणेत अमेरिकेच्या जिवावर उभं असलेलं सरकार, आणि दक्षिणेतल्याच खेड्यापाड्यांत त्या सरकारवर उठलेली माणसं. भाऊबंदकीच ती, फक्त बंदुकांची. बाहेरून कोणी शस्त्रं आणायची नाहीत, सैन्य आणायचं नाही असा करार झालेला होता, आणि तो पाळला जातोय का हे बघायला तीन देशांच्या अधिकाऱ्यांचं पथक नेमलेलं. एक देश अमेरिकेच्या बाजूचा, एक कम्युनिस्टांच्या, आणि मधोमध आपण. अण्णा सांगत, की समोर तोफ असली तर एकाला ती दिसायची नाही, दुसऱ्याला दोन दिसायच्या, आणि आमचा सगळा दिवस त्यांची सरासरी काढण्यात जायचा.

गंमत अशी, की बघायला नेमलेल्या या माणसांना बघू दिलं जात नसे. बंदरावर जायला परवानगी लागे आणि परवानगी मिळेपर्यंत जहाज रिकामं होऊन निघून गेलेलं असे. मग अण्णांनी त्यावर त्यांची युक्ती काढली होती. ते नदीकाठच्या हॉटेलच्या गच्चीवर चहा घेत बसायचे आणि जहाज पाण्यात किती बसलंय ते बघायचे. भरलेलं जहाज खोल बसतं, मोकळं झालं की वर येतं. येताना कुठवर होतं आणि जाताना कुठवर, एवढ्यावरून त्याच्या पोटात काय होतं याचा अंदाज. रस्त्यावर ट्रक ताडपत्रीने झाकलेले असले तर टायर बघायचे. कागदावर 'शेतीची अवजारं' लिहिलेलं असे आणि टायर असे दबलेले असत, की एवढं लोखंड खरोखर शेतात गेलं असतं तर शेत खचलं असतं. "लोक काय सांगतात ते ऐकून घ्यावं," ते म्हणत, "आणि टायर बघावेत."

ते परत आले ते वाळलेले आणि अबोल. आईने काही विचारलं नाही. जाताना विचारायचं नसतं, तसं आल्यावरही विचारायचं नसतं असं तिने बहुधा स्वतःच ठरवून टाकलं असावं. पुढे कधीतरी, मी मेडिकलला असताना, वर्तमानपत्रात सायगॉन पडल्याची बातमी आली. फोटोत गच्चीवर टेकलेलं हेलिकॉप्टर आणि शिडीवरून त्याच्याकडे चढणारी माणसांची रांग होती. अण्णांनी ते पान बराच वेळ समोर धरलं आणि मग माझ्याकडे बघून, जणू मी कधीपासून विचारतेच आहे असं, म्हणाले, "आधी सल्लागार येतात. मग सल्लागारांना सांभाळायला शिपाई येतात. मग शिपायांना सांभाळायला विमानं येतात. मग कोणालाच परत जाता येत नाही, कारण मग इतके दिवस काय केलंत असं कोणीतरी विचारेल." त्यांना एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी स्वतः निघाले तेव्हा ते मला पोचवायला मुंबईच्या विमानतळावर आले होते. शरदला, माझ्या नवऱ्याला, लंडनजवळ इल्फर्डमध्ये नोकरी लागलेली, मी मागाहून जात होते. दोन वर्षं ट्रेनिंग घ्यायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि पुण्यात परत येऊन दवाखाना काढायचा असा आमचा बेत होता आणि मी तो सगळ्यांना ठासून सांगत होते. आईने दही डब्यातून आणलं होतं. कोणी 'कुठे' विचारलं नाही, तेव्हा तर अख्ख्या गल्लीला पत्ता पाठ होता. अण्णांनी माझी सूटकेस एका हाताने जरा उचलली, परत खाली ठेवली आणि हसले.

"दोन वर्षांचं सामान एवढं जड नसतं," ते म्हणाले.

मला राग आला होता. इल्फर्डला पोचल्यावर सूटकेस उघडली, तर त्यात पाटा-वरवंट्यापासून (लहानसाच होता, पण दगडच तो) लग्नातल्या पैठणीपर्यंत सगळं होतं. आमचं आम्हाला ठाऊक नव्हतं ते त्यांच्या हाताला कळलं होतं. इल्फर्डहून आम्ही लेस्टरला आलो, शरदचा दवाखाना (इथे त्याला जीपी सर्जरी म्हणतात), माझं हॉस्पिटल, केतकीचा जन्म, घराचं मॉर्गेज, आणि तो पाटा अजून माझ्या किचनमध्ये आहे. आता त्यावर मी चटणी वाटत नाही. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावते.

मी रेडिओलॉजिस्ट झाले. म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्याच्या पोटातल्या सावल्या बघायच्या आणि दोन ओळी लिहायच्या. बघायचं आणि लिहायचं, हात लावायचा नाही. घराण्याचाच धंदा म्हणा. अण्णा एकदा उन्हाळ्यात लेस्टरला राहायला आले तेव्हा मी त्यांना एक फिल्म दाखवली होती, फुप्फुसातल्या बारीकशा ठिपक्याची. ते म्हणाले, एवढासा असताना कोणी ऐकतं का तुमचं? मी म्हटलं, ऐकतात, इथे ऐकतात. त्यांनी "नशीबवान आहेस" म्हटलं आणि परत खिडकीत जाऊन बसले. कौन्सिलची कचऱ्याची गाडी आली की तिचे टायर बघायचे. सवयच लागली होती त्यांना.

माझ्या डिपार्टमेंटमध्ये लिएन नावाची रेडिओग्राफर होती. ती फिल्म काढायची, मी वाचायची. माझ्याच वयाची, विशीत व्हिएतनाममधून होडीतून निघून, हाँगकाँगच्या छावणीत राहून इंग्लंडला आलेली. मला वाटलं होतं ती अमेरिकनांच्या नावाने बोटं मोडेल. ती म्हणाली, सायगॉनच्या बंदराजवळ त्यांचं घर होतं, जहाजांच्या भोंग्यांवर ते घड्याळं लावायचे; त्यांच्या गल्लीत एक अमेरिकन सल्लागार राहायला होता, आणि गल्लीतला तो सगळ्यांत भला माणूस होता. त्याने तिला सायकल शिकवली, शेजाऱ्यांचा पंप दुरुस्त करून दिला. "He was so nice," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, एवढी चांगली माणसं आहेत म्हणजे सगळं चांगलंच होईल." मग? "मग त्याच्यासारखे खूप आले. मग एके वर्षी लढाई आमच्या गल्लीत आली. आता ती गल्ली नाही." हे सांगताना ती सँडविचच्या कडा कापत होती. मी खडकीत अण्णांची वाट बघत होते तेव्हा ही तिकडे त्या जहाजांच्या भोंग्यांवर घरची घड्याळं लावत होती, हे मला त्या कँटीनमध्ये बसून सुचलं.

आता केतकीचं सांगते.

अडीच-तीन महिन्यांपूर्वी ती न कळवता आली, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. शरद गेल्यापासून ती फोन करून येते, मला दचकवायचं नाही म्हणून. केस एकदम बारीक कापलेले. दंडावर लसीचं गोल प्लास्टर. इंग्लंडमध्ये राहायला कसल्या लशी लागतात? शिवाय तिच्या फ्लॅटमधली मनी प्लँटची कुंडी सोबत आणलेली, "तुझ्याकडे ठेव" म्हणून. मी आयुष्यभर सावल्या वाचल्या आहेत, एवढं वाचायला मला चष्माही लागत नाही. तरी मी आधी वरणभाताचा कुकर लावला.

जेवताना तिने सांगितलं. अमेरिकनांची एक टीम एका देशात चालली आहे, आपली एक लहान टीम त्यांच्याबरोबर. तिथल्या सरकारच्या आर्मीला शिकवायला. ती तिथल्या डॉक्टरांना शिकवणार, जखमींना कसं सांभाळायचं ते. सहा आठवडे.

"लढायचं नाही आहे, आई. We're only advising."

मी तिला अण्णांचं सगळं सांगितलं, सल्लागार, शिपाई, विमानं. ती पूर्वीही ऐकून होती, पण गोष्ट म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती शरदवर गेली आहे, भांडताना आवाज खाली जातो, आणि इथे वाढल्यामुळे मराठीचं व्याकरणही सुटतं.

"ते वेगळा वॉर होता, आई."

"तेव्हाही सगळे हेच म्हणत होते. हे वेगळं आहे."

"आणि आजोबांनी काय केला? बघितलाच ना फक्त? जहाज बघितला, टायर बघितला. लोक मरत होते आणि ते चहा पीत बघत होते." मग तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, पण ती थांबली नाही. "मला बघत नाही बसायचं. I can actually stop someone bleeding. तू सांग, यात काय चूक आहे?"

यात काय चूक आहे? काहीच नाही. तेच तर. अण्णांनीही स्वतःला हा प्रश्न घातला असेल, म्हणून तर ते खिडकीत बसून राहिले. रक्त थांबवणारी माणसं लागतातच. पण ती येतात म्हणून बाकीच्यांना यायला धीर होतो, हेही खरं. लिएनच्या गल्लीतला तो भला माणूस पंप दुरुस्त करत होता तेव्हा त्याच्या आईलाही असंच काहीसं सांगून आला असेल. मी फक्त विचारलं, "लांब आहे का?" केतकी हसली. तिला ते ठाऊक आहे, लहानपणी तिच्या शाळेच्या ट्रिपलाही मी तेच विचारायची आणि तिच्या इंग्लिश मैत्रिणींना वाटायचं की हिच्या आईला स्कार्बरो कुठे आहे तेच माहीत नाही. तिने मान हलवली. सांगायला परवानगी नव्हती आणि विचारायची माझ्याकडे रीत नव्हती. आमच्या दोघींचं किती छान जमलं होतं!

खरं म्हणजे तेव्हापासून मी या रीतीचाच विचार करते आहे. मला ती नेहमी मायेची वाटत आली. निघालेल्याचं मन मागे ओढू नये, त्याच्या कामाला नजर लागू नये. पण माझ्या आईने कधी विचारलं नाही, आम्ही विचारलं नाही. आणि इथे रोज संध्याकाळी टीव्हीवर कोणीतरी मंत्री 'लिमिटेड', 'ॲडव्हायझरी' असं काहीबाही म्हणतो आणि सगळा देश चहा पीत मान हलवतो, कोणी विचारत नाही की बाबांनो, नक्की कुठे आणि कशासाठी. सगळेच एकमेकांना शकुन देत असल्यासारखे गप्प. ही आपली रीत इंग्रजांनी कधी उचलली कोण जाणे.

निघायच्या आदल्या रात्रीच ती माझ्याकडे राहायला आली होती. सकाळी तिच्याबरोबरचा एक अधिकारी गाडी घेऊन येणार होता. मी ब्रेडला लोणी लावून दिलं, तिने ते उभ्यानेच खाल्लं. दही तिच्या हातावर घातलं. टेस्कोचं ग्रीक योगर्ट, पण दही ते दही. तिने ते चाटलं, देवापाशी वाकली, मला वाकून नमस्कार केला. आर्मीतले बूट घालून वाकताना ती नेहमीच थोडी अडखळते.

तिची बॅग जिन्यापाशी होती. हिरवी, उंच, पाठीवर घ्यायची. गाडीचा हॉर्न वाजला, केतकी कोट घालत होती, तेव्हा बॅग दाराशी सरकवावी म्हणून मी पट्ट्याला धरून उचलायला गेले.

बॅग हलली नाही.

मी दोन्ही हातांनी धरली. जेमतेम जमिनीवरून सुटली आणि परत टेकली. मला काय काय भरलंय ते दिसलं नाही, बघायचं कारणही नव्हतं. हाताला कळलं. शिकवायला जाणारा माणूस एवढं नेत नाही. सहा आठवड्यांचं सामान एवढं जड नसतं. दाराच्या काचेतून मला बाहेरची गाडी दिसत होती, मागच्या बाजूने चांगली खाली बसलेली, आणि अजून ही बॅग तिच्यात जायची होती.

केतकीने एका झटक्यात बॅग पाठीवर घेतली. लॅच उघडलं. एक पाय बाहेर टाकला.

"केतकी, कुठे चाललीस?"

माझाच आवाज, पण मला ओळखू आला नाही. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने, आयुष्यात पहिल्यांदा. ती वळली. तिच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग ती चिडेल असं वाटलं. तिला ती रीत पूर्ण ठाऊक आहे, पुढची बाजूही. बाहेर तो अधिकारी घड्याळ बघत होता. तिने त्याला हाताने थांब अशी खूण केली, दार लोटलं, बॅग उतरवली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

मी पाणी आणलं. ती सावकाश प्यायली. मी तिच्या शेजारी बसले. आमच्या जिन्यावर दोघींना बसायला जागा नाही, खांद्याला खांदा लागतो. मला वाटलं आता सांगेल. निदान देशाचं नाव. निदान उन्हाळा आहे की थंडी. मी विचारलं होतं, या घरात शेवटी कोणीतरी नीट विचारलं होतं, त्याला उत्तर यायला हवं होतं.

तिने पेला पायरीवर ठेवला, माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "लांब नाही, आई. इथंच."

ती अण्णांची गोष्ट मीच तिला सांगितली होती, किती वेळा तरी. मला हसवायला म्हणाली असेल. मी हसलेही. मग ती नव्याने निघाली, आणि गाडी वळणापर्यंत गेली तोवर मी तिचे टायर बघत राहिले.

वसू, तू फोनवर विचारलंस, की आता तू एकटी तिथे काय करतेस, पुण्याला घरी ये. खडकीचं क्वार्टर तर कधीच दुसऱ्याचं झालं, आई-अण्णा नाहीत, तुझं घर तुझं आहे. घर म्हणजे काय म्हणशील तर मला आता एवढंच वाटतं, की जिथे कोणी 'कुठे' विचारलं तर निघालेला माणूस परत येऊन बसतो, ते घर. तेवढा वेळ ते माझ्याकडे होतं. सहा आठवडे होऊन गेले. काल तिचा मेसेज आला, "थोडं एक्स्टेंड झालं आहे, काळजी करू नको." आज बातम्यांत सांगत होते की तिथल्या सल्लागारांच्या संरक्षणासाठी आणखी काही सैनिक पाठवणार आहेत. कुठे ते सांगितलं नाही. माणूस गेल्यावर लगेच आवराआवर करायची नसते, म्हणून तो पेला मी पायरीवरून उचललेला नाही. जातायेता त्याला पाय लागू नये म्हणून मी कडेने चढते.